रास्पबेरी पायच्या पिनवर एलईडी: करंट ठरवतं कोण?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीची पातळी दाखवायला रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणक-बोर्डवर (पुढे नुसतं ‘पाय’) आठ एलईडी लावायचे आहेत: खालचे लाल, मग पिवळे, मग हिरवे आणि सगळ्यात वरचा निळा. मित्राचं म्हणणं आहे की पिनची ताकद सॉफ्टवेअरमधून २ मिलिअँपिअर करता येते, तेव्हा रेझिस्टरची गरज नाही. तसं करून पाहिलं तर लाल झकास लागला, निळा अगदी मंद. शिवाय पाय सुरू होत असताना एक एलईडी आपोआप मिणमिणतो. आणि पुढे टाकी भरली की पार्किंगमधली १२ व्होल्टची एलईडी पट्टी लागावी, तीही पायवरूनच, अशी इच्छा आहे.

रेझिस्टर लागतो. प्रत्येक एलईडीला स्वतंत्र लागतो. आत्ता तुमच्या बोर्डावर जे एलईडी थेट जोडलेले असतील ते आधी काढा, मग पुढे वाचा.

मित्राचा गैरसमज फार जणांचा असतो, कारण त्या सेटिंगचं नावच तसं आहे. पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर पिनची ‘ड्राइव्ह स्ट्रेंग्थ’ २ ते १६ मिलिअँपिअर अशी दोन-दोनच्या टप्प्यांनी ठरवता येते, आणि बोर्ड सुरू होताना ती ८ वर असते. पिनच्या आत दोन बाजू असतात: एक पिनला ३.३ व्होल्टकडे ओढते, दुसरी ग्राउंडकडे. प्रत्येक बाजूला एकच मोठा ट्रान्झिस्टर (विजेनेच उघडणारा-मिटणारा स्विच) नसून छोट्या ट्रान्झिस्टरांचे गट समांतर बसवलेले असतात. त्यांतले किती कामाला लावायचे एवढंच ते सेटिंग ठरवतं. ८ चा अर्थ, ‘८ मिलिअँपिअर घेतलेत तरी माझं व्होल्टेज हाय (म्हणजे ‘चालू’) म्हणण्याइतकं राहील’. त्याहून जास्त घ्यायला गेलात तर अडवणारं तिथे काहीच नाही. पुलाच्या तोंडाशी ‘१६ टन’ अशी पाटी असते, ती पाटी काही ट्रक थांबवत नाही, तसंच हे. जास्त करंट ओढला की पिनचं व्होल्टेज खाली बसतं आणि मधला फरक पिनच्या आतच उष्णता होऊन जळतो. उलट २ वर ठेवलंत तर तोच भार कमी ट्रान्झिस्टरांवर पडतो.

थेट जोडलेल्या लाल एलईडीत नेमकं काय होतं ते बघा. लाल एलईडी लागला की त्याच्या दोन टोकांमध्ये साधारण १.८ ते २ व्होल्ट राहतात, फार तर थोडे जास्त. पिन द्यायला बघते ३.३. मधले सव्वा-एक व्होल्ट कुठे तरी पडायलाच हवेत, आणि वाटेत रेझिस्टर नसल्यामुळे ते पिनच्या आत पडतात. करंट किती वाहील हे मग पिनच्या अंतर्गत रोधावर अवलंबून. तो रोध चिपगणिक आणि तापमानागणिक बदलतो, आणि तुम्ही त्यावर भरवसा ठेवावा म्हणून तो कुणी तिथे ठेवलेला नाही. ‘लाल झकास लागला’ हा म्हणूनच पुरावा होत नाही. एलईडी सहसा वाचतो, कारण ५ मिलिमीटरचा साधा एलईडी २० मिलिअँपिअर सतत सोसतो. सोसावं लागतं ते पिनला, आणि तिची तक्रार त्या दिवशी दिसत नाही. काही आठवड्यांनी एखादी पिन कायमची हाय किंवा कायमची लो होऊन बसते, आणि दोष प्रोग्रामवर जातो.

आता रेझिस्टरचा हिशोब. ३.३ मधून एलईडीचे व्होल्ट वजा करा, उरलेल्याला रेझिस्टरने भागा. लाल एलईडीला १.९ धरले तर उरतात १.४ व्होल्ट. २२० ओहमला ६.४ मिलिअँपिअर, ३३० ओहमला ४.२, ४७० ला ३, आणि १ किलोओहमला १.४. पुस्तकांत आणि किटांत ३३० चा रिवाज आहे (नारिंगी, नारिंगी, तपकिरी) आणि तो वाईट नाही. पण हल्लीचे पारदर्शक, ‘हाय ब्राइट’ म्हणून मिळणारे एलईडी १ किलोओहमवरसुद्धा खोलीत डोळ्यात खुपतात. टाकीच्या पातळीसाठी दुरून फक्त लागलाय की नाही एवढंच कळायला हवं. मी १ के लावूनच सुरुवात करतो आणि अंधुक वाटला तरच ४७० वर उतरतो. पाव वॉटचा रेझिस्टर घ्या. खर्च होणारी शक्ती ६ मिलिवॉटच्या आत आहे, त्यामुळे तो तापण्याचा प्रश्नच नाही.

हा हिशोब कागदावर ठेवू नका, मोजा. मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. पिन हाय करा आणि एलईडी न जोडता पिन ते ग्राउंड मोजा: ३.३ च्या आसपास दिसेल. मग ३३० ओहम आणि लाल एलईडी जोडून पुन्हा मोजा. समजा पिनवर ३.२२ दिसले, रेझिस्टरच्या दोन टोकांवर १.३२ आणि एलईडीवर १.९०. रेझिस्टरवरचे १.३२ भागिले ३३० म्हणजे बरोबर ४ मिलिअँपिअर. करंट मोजायला सर्किट तोडून मीटर मध्ये घालायची गरज पडत नाही. आणि पिनवरचे जे ०.०८ व्होल्ट ‘हरवले’, ते पिनच्या आत पडले. ०.०८ गुणिले ४ मिलिअँपिअर म्हणजे पिनच्या पोटात सुमारे ०.३ मिलिवॉट. रेझिस्टर काढला, करंट २५ वर गेला आणि आत १.२ व्होल्ट पडले, तर तिथेच ३० मिलिवॉट होतात. शंभरपट उष्णता, सिलिकॉनच्या तेवढ्याशाच तुकड्यात. रेझिस्टर असतो तो ही उष्णता बाहेर काढून स्वतःवर घ्यायला.

रेझिस्टर एलईडीच्या कुठल्या बाजूला, असा प्रश्न हमखास येतो. विजेच्या दृष्टीने कुठलीही बाजू चालते. पण तुमचे एलईडी बोर्डापासून लांब, तारेच्या टोकाला असणार. तेव्हा रेझिस्टर पायच्या बाजूला, पिनला लागूनच ठेवा. पुढे तार कुठे सोलवटली आणि ग्राउंडला टेकली, तर ३३० ओहममधून जास्तीत जास्त १० मिलिअँपिअर जातील आणि पिन वाचेल. तोच रेझिस्टर एलईडीपाशी असता तर तो शॉर्ट थेट पिनवर आला असता.

आठ एलईडी एकदम चालतील का? सगळ्या पिनांना मिळून ५० मिलिअँपिअर हा जो आकडा सगळीकडे सांगितला जातो तो २०१२ च्या पहिल्या मॉडेल बी पासूनचा आहे. त्यावर १७ जीपीआयओ (प्रोग्रामने चालवता येणाऱ्या) पिना होत्या, प्रत्येकी सुमारे ३ मिलिअँपिअर धरून ३.३ व्होल्टच्या रेषेवर ५० चा हिशोब ठेवला होता. नंतरच्या बोर्डांवर ३.३ व्होल्टचा पुरवठा दणकट झाला, पण सगळ्या पिनांचा मिळून मी आजही ५० च्या आतच राहतो. ३३० ओहमने आठ लाल एलईडींना ३४ मिलिअँपिअर लागतात, १ के ने ११. तुमच्या पातळीदर्शकात टाकी भरली की आठही एकदम लागणार, म्हणून हिशोब नेहमी सगळे लागलेले धरूनच करायचा. आठांसाठी मिळून एकच रेझिस्टर ग्राउंडच्या बाजूला लावायचा मोह होतो, लावू नका. एक एलईडी लागला की एक प्रकाश, आठ लागले की प्रत्येक फिका. आणि लाल व निळा एकाच रेझिस्टरवर समांतर असले तर लाल १.९ वर व्होल्टेज धरून बसतो आणि निळा लागतच नाही.

निळ्याची गोष्ट वेगळी लिहायला हवी, कारण तिथे रेझिस्टर बदलून प्रश्न पूर्ण सुटत नाही. निळ्या आणि पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात. हिरव्यात दोन जाती आहेत: जुन्या पद्धतीचा पोपटी-हिरवा २.१ च्या आसपास, आणि गर्द, सिग्नलसारखा हिरवा निळ्याच्याच जातीचा, ३ च्या आसपास. तुमच्या हिरव्यांपैकी एखादा मंद वाटत असेल तर तो दुसऱ्या जातीचा समजा. मल्टीमीटरच्या डायोड मोडवर लाल एलईडी १.७-१.८ असं काही तरी दाखवतो आणि बारीक लागतोही. निळा लावला की बऱ्याच साध्या मीटरांवर नुसतं ‘ओएल’ (मापाबाहेर) येतं, कारण मीटरचं स्वतःचं व्होल्टेजच तेवढं नसतं.

३.३ मधून ३ गेले की उरतात जेमतेम ०.३ व्होल्ट. आता समजा तुम्ही रेझिस्टर १०० ओहमवर आणला. एका निळ्या एलईडीचे २.९ व्होल्ट असतील तर ४ मिलिअँपिअर, शेजारच्याचे ३.१ असतील तर २. म्हणजे एकाच पाकिटातले दोन एलईडी, आणि एकाचा करंट दुसऱ्याच्या निम्मा. त्यात पिनच्या आत पडणारे थोडे व्होल्ट धरा, आणखी फरक. हेच दोन एलईडी ५ व्होल्टवर ४७० ओहमने चालवा आणि मध्ये ट्रान्झिस्टरचे ०.१ व्होल्ट सोडा: पहिल्याला ४.३, दुसऱ्याला ३.८ मिलिअँपिअर. डोळ्याला फरक कळत नाही. रेझिस्टरवर जितके जास्त व्होल्ट पडतात, तितकं एलईडीच्या लहरीपणाला कमी महत्त्व उरतं. ३.३ व्होल्टवर निळ्याला ही सवलतच मिळत नाही. एकच निळा असेल आणि थोडा मंद चालणार असेल तर १०० ओहम लावून पुढे जा, बिघडत काही नाही. पण बरोबर करायचं तर ५ व्होल्ट आणि ट्रान्झिस्टर.

इथे एक चलाखी सुचते, आणि ती करू नये. एलईडीचा लांब पाय ५ व्होल्टच्या पिनला, आखूड पाय रेझिस्टरमधून जीपीआयओला, आणि पिन लो केली की एलईडी लागेल असा बेत. लागतोही. पण बूट होताना पिन इनपुट असते, आणि तेव्हा एलईडीमधून येणारं व्होल्टेज पिनला ३.३ च्या वर ढकलू बघतं. पाय ४ पर्यंतच्या बोर्डांच्या पिना ५ व्होल्ट सोसायला बनवलेल्याच नाहीत. लाल एलईडीला तर आणखी एक अडचण: पिन हाय केली तरी ५ आणि ३.३ मध्ये १.७ व्होल्टचा फरक उरतो, त्यामुळे तो पूर्ण विझेलच असं नाही.

ट्रान्झिस्टरचं साधं रूप असं. बीसी५४७ घ्या. चपटी बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली धरलेत तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. एमिटर ग्राउंडला. पिनपासून बेसपर्यंत १० किलोओहम. ५ व्होल्टपासून ४७० ओहम, मग निळ्या एलईडीचा लांब पाय, आणि आखूड पाय कलेक्टरला. पिनला द्यावे लागतात ३.३ वजा ०.७ भागिले १० के, म्हणजे पाव मिलिअँपिअर. एलईडीला लागणारे ४ मिलिअँपिअर ५ व्होल्टच्या रेषेवरून येतात, पिनला त्यांचा पत्ताही लागत नाही. हातात २एन२२२२ असेल तर जपून: त्याच्या प्लास्टिक आवृत्त्यांत पायांचा क्रम एकसारखा नाही. पीएन२२२२ए मध्ये एमिटर डावीकडे येतो, पी२एन२२२२ए मध्ये कलेक्टर. अंगावरची अक्षरं वाचा आणि मीटरने बेस शोधा, मगच ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता तारा टोचायच्या पाट्यावर) टोचा.

तुमचे आठ एलईडी आहेत, म्हणून आठ सुटे ट्रान्झिस्टर लावण्यापेक्षा मी यूएलएन२८०३ सुचवेन. १८ पायांची ही आयसी, आत आठ डार्लिंग्टन (म्हणजे दोन-दोन एकात एक जोडलेले) ट्रान्झिस्टर, आणि प्रत्येकाच्या बेसला २.७ किलोओहम आतच बसवलेला, त्यामुळे पिन थेट जोडता येते. १ ते ८ इनपुट, ९ ग्राउंड, आणि समोरासमोर १८ ते ११ आउटपुट. १० नंबरचा पाय रिले किंवा मोटारसाठी आहे, एलईडीला तो मोकळा सोडा. ३.३ व्होल्टवर प्रत्येक पिनमधून सुमारे ०.७ मिलिअँपिअर जातो, आठांचे मिळून सहाच्या आत. डार्लिंग्टनवर पाऊण-एक व्होल्ट पडतो तेवढा हिशोबात धरा: ५ व्होल्टवर लालला ४७० ओहम ठीक, निळ्याला २७० ते ३३०. सात वाट्यांची धाकटी बहीण यूएलएन२००३ जास्त दुकानांत मिळते; आठवा एलईडी मग बीसी५४७ वर घ्या.

आता तो आपोआप मिणमिणणारा एलईडी. तो तुम्ही जीपीआयओ ० ते ८ यांपैकी कशावर तरी लावला असणार. पाय सुरू होताना सगळ्या पिना इनपुट असतात, आणि ० ते ८ ना आतून वर ओढणारा, तर ९ ते २७ ना खाली ओढणारा रोध लागलेला असतो. तो साधारण ५० किलोओहमचा. त्यातून लाल एलईडीला ३० मायक्रोअँपिअर मिळतात, आणि आजचे एलईडी अंधारात तेवढ्यावरही दिसतात. ट्रान्झिस्टर लावलात तर हाच त्रास वाढतो: वर ओढणाऱ्या रोधातून बेसला पोचलेले ४०-४५ मायक्रोअँपिअर ट्रान्झिस्टर दोन-अडीचशेपट करू शकतो, आणि एलईडी पूर्ण प्रकाशात लागतो. जीपीआयओ २ आणि ३ वर तर बोर्डावरच १.८ किलोओहमचे कायमचे रोध आहेत, त्यावर लावलेला एलईडी बूट होताना चांगला ठळक लागतो. जीपीआयओ १४ वर सीरियल कन्सोल चालू असेल तर एलईडी बूटच्या मजकुराबरोबर फडफडतो.

उपाय म्हणजे पिना बदला. तुमच्या आठांसाठी जीपीआयओ १७, २७, २२, २३, २४, २५, १६ आणि २६ घ्या. हेडरवर (बोर्डावरच्या पिनांच्या दुहेरी रांगेवर) मोजून त्या अनुक्रमे ११, १३, १५, १६, १८, २२, ३६ आणि ३७ क्रमांकाच्या जागा. या दोन क्रमांकांची गल्लत सगळ्यात जास्त वेळ खाते. प्रोग्राममध्ये ‘१७’ लिहायचं आणि तार ११ व्या जागी टोचायची. जीपीआयओ १६ हेडरच्या ३६ व्या जागी आहे आणि हेडरच्या १६ व्या जागी जीपीआयओ २३. नेमकं असं काही असलं की तासभर कुठे गेला ते कळत नाही. कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ घालून पिन सुरुवातीपासूनच आउटपुट आणि लो ठरवता येते, पण तीसुद्धा फर्मवेअर वाचून झाल्यावरच लागू होते. वीज आल्यापासून काही सेकंद पिन मोकळीच असते. म्हणून आधी पिनची निवड बरोबर करा.

हेडर ४० पिनांचा दिसला म्हणजे आतली पिनही तशीच असेल असं मात्र धरू नका. एनव्हिडियाच्या जेटसन नॅनो डेव्हलपर किटवर हेडर रास्पबेरीसारखाच आहे, पण बऱ्याच पिनांच्या वाटेत टीएक्सबी०१०८ नावाची व्होल्टेज बदलणारी आयसी बसवली आहे. तिच्या आउटपुटला आतून सुमारे ४ किलोओहम लागलेले असतात. त्यावर ३३० ओहम लावून एलईडी जोडला तर तो जेमतेम दिसतो, आणि लोक एलईडी बदलत बसतात. तिथे ट्रान्झिस्टरही नाजूक करंटवर चालावा लागतो, म्हणून छोटा मॉसफेट (करंटऐवजी व्होल्टेजने उघडणारा ट्रान्झिस्टर) बरा. आर्डुइनो उनो दुसऱ्या टोकाला: ५ व्होल्ट आणि पिनला २० मिलिअँपिअर सहज. त्यावर शिकलेला हात पायवर आला की पिनांकडून तेवढीच अपेक्षा करतो, आणि बऱ्याच पिना तिथेच जातात. पाय ५ वर पिना आरपी१ या वेगळ्या चिपमधून येतात. ताकदीचे टप्पे २, ४, ८ आणि १२. पिना चालवायची जुनी आरपीआय-जीपीआयओ लायब्ररी तिथे चालत नाही. जीपीआयओ-झीरो वापरलीत तर तोच प्रोग्राम पाय ४ आणि ५ दोन्हींवर चालेल, म्हणून आजपासूनच तिच्यात लिहा. प्रोग्राम संपला की ती पिना पुन्हा इनपुट करून सोडते आणि एलईडी विझतात. हा बिघाड नव्हे. प्रोग्राम थांबवून धरा किंवा सर्व्हिस म्हणून चालवा.

जोडणी करताना वीज बंद. हेडरच्या १ आणि २ क्रमांकाच्या जागा समोरासमोर आहेत, एकीवर ३.३ व्होल्ट आणि दुसरीवर ५. मीटरची प्रोब घसरून दोन्हींना टेकली की ५ व्होल्ट ३.३ च्या रेषेत शिरतात आणि बोर्ड जातो, मध्ये वाचवणारं काही नाही. म्हणून हेडरवर कधीच प्रोब लावू नका. तारा ब्रेडबोर्डवर आणा आणि मोजायचं ते तिथे मोजा. लांब ब्रेडबोर्डांवर कडेची वीजपट्टी बऱ्याचदा मधोमध तुटलेली असते, रंगीत रेषेत फट दिसते का बघा. पाच एलईडी लागतात आणि उरलेले तीन नाहीत, यामागे बऱ्याचदा ती फट असते.

राहिली पार्किंगची पट्टी. १२ व्होल्टच्या पट्टीत तीन-तीन एलईडी आणि एक रेझिस्टर असे गट असतात, त्यामुळे तिला वेगळा रेझिस्टर नको. करंट मात्र बघा: मीटरला ६० एलईडींची ३५२८ जातीची पट्टी ४.८ वॉट प्रतिमीटर घेते, म्हणजे ०.४ अँपिअर. ५०५० जातीची १४.४ वॉट, म्हणजे १.२ अँपिअर. पाच मीटरची साधी पट्टी धरली तरी २ अँपिअर. इथे बीसी५४७ चा विचारही नको, त्याची मर्यादा १०० मिलिअँपिअर आहे. मॉसफेट लागेल, आणि मॉसफेट निवडतानाच सगळ्यात जास्त चूक होते.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत ‘झेड ४४’ मागितला की बहुतेक आयआरएफझेड४४एन हातात पडतो. त्याचं थ्रेशोल्ड २ ते ४ व्होल्ट, आणि हे थ्रेशोल्ड म्हणजे तो पाव मिलिअँपिअर सोडायला लागतो तो बिंदू; पूर्ण उघडायला त्याला १० व्होल्ट हवे असतात. ३.३ वर तो अर्धवट उघडतो, पट्टी मंद लागते आणि मॉसफेट हात लावता येऊ नये इतका तापतो. दिसायला तसाच आयआरएलझेड४४एन बरा, कारण त्याचे आकडे ४ व्होल्टपर्यंत दिलेले असतात. ३.३ वर २ अँपिअरसाठी तो बहुधा निभावून नेतो, पण ‘बहुधा’वर मी सोसायटीच्या भिंतीत काही बसवणार नाही. एओ३४०० घ्या: ३० व्होल्ट, ५.७ अँपिअर, आणि गेटवर (उघडणाऱ्या-मिटणाऱ्या पायावर) २.५ व्होल्ट असतानाचा रोध दिलेला, सुमारे ५० मिलिओहम. २ अँपिअरला ०.२ वॉट, कोमट होण्यापलीकडे काही नाही. तो टाचणीच्या डोक्याएवढा सरफेस माउंट येतो. सोल्डरिंगचा हात बसलेला नसेल तर तयार मॉड्यूल घ्या, पण त्यावरच्या मॉसफेटचं नाव वाचून.

गेटला पिनपासून १०० ओहम आणि गेट ते ग्राउंड १० किलोओहम. हा १० के मोठा करू नका. पिन चुकून ० ते ८ मधली निघाली तर आतला ५० के आणि बाहेरचा १० के मिळून गेटवर ०.५५ व्होल्ट ठेवतात, मॉसफेट बंद. तिथे १०० के लावला असता तर २.२ व्होल्ट आले असते आणि एओ३४०० उघडला असता: वीज गेली आणि आली की पार्किंगमध्ये दर वेळी पट्टी लागली असती. पट्टीसाठी जीपीआयओ १८ राखून ठेवा, हेडरची १२ वी जागा. तिथे हार्डवेअर पीडब्ल्यूएम (पिन झपाट्याने चालू-बंद करण्याची सोय) मिळतं, त्यामुळे पुढे प्रकाश कमी-जास्त करावासा वाटला तर फडफड न होता करता येईल. पाय ४ वर ३.५ मिलिमीटरचा आवाजाचा जॅकही पीडब्ल्यूएमवरच चालतो, तेव्हा आवाज आणि मंदक दोन्ही एकदम मागू नका.

पट्टीला १२ व्होल्टचा वेगळा अ‍ॅडॉप्टर द्या, २ अँपिअरला ३ चा, आणि धन तारेत ३ अँपिअरचा फ्यूज. अ‍ॅडॉप्टरचा ऋण आणि पायचा ग्राउंड जोडलेले असायलाच हवेत; नाही तर गेटला ३.३ व्होल्ट कशाच्या तुलनेत हेच ठरत नाही, आणि पट्टी लागत नाही किंवा तारेला हात लावला की लुकलुकते. हे दोन ग्राउंड मॉसफेटच्या सोर्सपाशी (ग्राउंडकडच्या पायापाशी) एकत्र आणा. पट्टीचे २ अँपिअर जाड तारेने थेट अ‍ॅडॉप्टरकडे परत जाऊ द्या. पायकडे जाणाऱ्या बारीक जंपरमधून फक्त गेटचा परतीचा करंट जायला हवा.